गालाला लावलेली माती

मुंगीच्या घरात माणसं चार, पण चौघंही एकाच वेळी जागी आहेत असं क्वचितच घडायचं. आजोबा शीतगृहाच्या फाटकावर रात्रीचा पहारा करायचे आणि उजाडता उजाडता घरी यायचे. ते जिना चढत असायचे तेव्हा आई जिना उतरत असायची, कारण इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची पहिली पाळी. बाबा बस चालवायचे. सकाळी मुंगीला शाळेत सोडायचे आणि तिथूनच आगाराची वाट धरायचे, ते दिवेलागणीनंतर परत. ते दारात चपला काढायचे तेव्हा आजोबा दारात बूट चढवत असायचे.

"घर कसलं, बसथांबा आहे हा," बाबा म्हणायचे. "एक उतरला की दुसरा चढतो."

मुंगीला मुंगी हे नाव आजोबांनीच ठेवलेलं. लहानपणापासून तिला स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची खोड होती. कधी उशी, कधी खुर्ची, कधी आजोबांचा बूट. आणि आता, आठ वर्षांची झाल्यावर, तिनं शाळेतून एक झाड ओढत आणलं होतं.

झाड म्हणजे काय, तर बोगनवेलीची एक काडी. बागकामाच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक दिली होती. काडी जगवायची, कुंडीत वाढवायची आणि काही महिन्यांनी एका ठरलेल्या शनिवारी शाळेच्या कुंपणाशी लावायची. प्रत्येकाचा खड्डा ठरलेला. मुंगीचा खड्डा फाटकाला लागून पहिलाच. शाळेत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी तिचं झाड दिसणार होतं, आणि ही गोष्ट तिनं घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी गाठून सांगितली होती.

"बाई म्हणाल्या, हिचं नाव वेल आहे, पण छाटत राहिलं की झुडूप होतं. आणि हिला पाणी फार लागत नाही. मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. आतली माती कोरडी लागली तरच पाणी. ओली लागली तर गप्प बसायचं."

"गप्प बसायचं तुला जमेल?" आजोबांनी विचारलं होतं.

"जमेल. आणि कोणी मध्ये यायचं नाही. माझं झाड मीच सांभाळणार."

तिघांनीही मान डोलावली होती. आणि तिथंच सगळं बिनसलं.

काडीला पानं फुटली, फांद्या आल्या, सज्जातल्या मोठ्या कुंडीत तिचं छान झुडूप झालं. मग, कुंपणाशी लावायच्या दिवसाला दोनएक आठवडे उरले असताना, खालची पानं पिवळी पडायला लागली. नंतर वरची. पानं मान टाकून लोंबायला लागली. वाऱ्याची झुळूक आली की दोनचार गळायची, आणि शाळेतून आल्यावर मुंगी ती गोळा करून खिडकीत ओळीनं मांडून ठेवायची. जणू परत चिकटवता येतील.

आईला हे सगळं दिसत होतं, पण दिसणं आणि बघणं यात फरक असतो. ती दुपारी घरी यायची तेव्हा तिचे खांदे दगडासारखे झालेले असायचे. धुलाईखान्यात एक लांबलचक यंत्र होतं. त्याच्या एका तोंडाशी दोन बायका ओल्या चादरी सरकवायच्या, तापलेल्या रुळांमधून त्या वाफ सोडत दुसऱ्या बाजूला यायच्या, आणि त्या बाजूला आई आणि जिला सगळेच मावशी म्हणत ती तिची जोडीदारीण उभ्या असायच्या. पकड, ताण, दुमड, पुन्हा दुमड, ठेव. पुढची आलीच. इतक्या वर्षांत तिच्या बोटांची कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती. गरम भांडं ती सहज उचलायची. मुंगीला ताप आला तरी कपाळाला हात लावून तिला काही कळायचं नाही. ती आपला गाल मुंगीच्या कपाळाला लावायची.

तर अशी ती दुपारी यायची, मुंगी यायला अजून अवकाश असायचा, आणि सज्जात ते मान टाकलेलं झाड दिसायचं. आईच्या मनात यायचं, पोरगी विसरत असेल. लहान आहे. आपण तरी तिच्यासाठी काय करतो? मागच्या महिन्यात तिच्या नाटकाला गेलो, तर दुसऱ्या रांगेत बसून घोरलो. मग ती मगभर पाणी घ्यायची, कुंडीत ओतायची, रिकामा मग पालथा घालून जागच्या जागी ठेवायची आणि पाठ टेकायची. कोणाला कळायचं कारण नव्हतं. आणि दिवसभरात हे एकच काम असं होतं, की ते केल्यावर तिला जरा बरं वाटायचं.

पण पानं गळतच राहिली. शेवटी एका संध्याकाळी तिनं मुंगीला समोर उभं केलं.

"मुंगे, खरं सांग. झाडाला पाणी कधी घातलंस?"

मुंगीनं विचार केला. "एकदाही नाही."

"एकदाही नाही?"

"म्हणजे सुरुवातीला घालत होते. पण आता किती दिवस झाले, गरजच पडली नाही. रोज बोट घालून बघते. ओलीच असते."

आईनं दिवसभर दुमडलेल्या सगळ्या चादरी जणू त्या क्षणी तिच्या खांद्यावर येऊन पडल्या. "ओली कशी असेल? पानं बघ जरा! वाळून चाललंय ते! मोठ्या तोंडानं सांगितलंस ना, मीच सांभाळणार म्हणून? हे सांभाळणं? शनिवारी काय नेणार आहेस, काड्या?"

"पण ओली आहे, आई. तू बघ ना."

आईनं कुंडीत बोट खुपसलं. तिच्या बोटाला काहीच कळलं नाही. गार नाही, ओलं नाही, नुसतं काहीतरी मऊ. "कोरडी ठाक आहे," ती म्हणाली. "खोटं तरी बोलू नकोस."

मुंगी रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं स्वतःचं बोट बघितलं, मग आईचं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मला बोटच नीट घालता येत नसेल." मग तिनं मोरीतून दोन्ही हातांनी बादली उचलली, तिच्या जवळजवळ अर्ध्या उंचीची, ती फरफटत सज्जात नेली आणि सगळी कुंडीत ओतली. पाणी काठापर्यंत चढलं आणि तिथंच थांबून राहिलं.

आई तोवर उशीला डोकं लावून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात रुळांची उष्णता जरा कमी पडत होती. चादरी निघत होत्या, पण काही वाळल्या होत्या, काही नव्हत्या. आजारी माणसाच्या अंगाखाली दमट चादर गेली तर त्याची पाठ सोलून निघते, म्हणून असल्या दिवशी प्रत्येक चादर तपासावी लागे. आईनं एक पकडली, दुमडली आणि ढिगावर ठेवायला निघाली.

"ए बाई," मावशी ओरडली. यंत्राच्या खडखडाटात ती नेहमीच ओरडून बोलायची, आणि घरी गेल्यावरही तसंच बोलते म्हणून तिच्या सुना तिला भोंगा म्हणायच्या. "बघितलीस का ती?"

"बघितली. कोरडी आहे."

"हातानं बघितलीस? तुझ्या हाताला काय कळतंय? आपले हात कधीच कामातून गेले. झोप झाली नाही वाटतं. गालाला लाव!"

आईनं चादर गालाला लावली. दमट होती. चांगली गार, दमट. तिनं ती परत यंत्राकडे टाकली आणि पुढची हातात घेतली, आणि मग तिचे हात थांबले. पुढची चादर रुळांतून बाहेर आली, जमिनीला टेकली, तिच्या मागून आणखी एक.

"अगं पकड! पकड! झोपलीस का उभ्या उभ्या?"

"मावशी," आई म्हणाली, "मी काल पोरीला खोटी म्हणाले."

"मग आज घरी जाऊन खरी म्हण. आता चादर पकड!"

त्या दुपारी आईनं पाठ टेकली नाही. ती तशीच सज्जात गेली, कुंडीतली चिमूटभर माती खणून काढली आणि डोळे मिटून गालाला लावली. माती ओली होती. नुसती ओली नव्हती, ती चिखल होती, आणि तिला आंबलेला, बंद डब्यासारखा वास येत होता. पान वाळलं की मान टाकतं हे तिला ठाऊक होतं. पण मूळ बुडून गुदमरलं तरी झाड तशीच मान टाकतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वर तहान दिसत होती आणि खाली पूर आला होता.

मुंगी शाळेतून आली तेव्हा आई गालावर मातीचा डाग घेऊन जमिनीवर बसली होती.

"तुझं बोट बरोबर आहे," आई म्हणाली. "माझं बिघडलंय. मी तुला उगाच बोलले. चुकलं माझं."

मुंगीनं दप्तर खाली ठेवलं. "मग मी काल बादलीभर पाणी का घातलं?"

"मी ओरडले म्हणून."

मुंगी तिच्या शेजारी बसली. कुंडीकडे बघत तिनं विचारलं, "पण आई, बादली तर काल घातली. ओली तर आधीपासूनच होती. ते पाणी कुठून यायचं?"

"मी घालायचे. रोज दुपारी एक मग."

मुंगीनं मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली. "एका मगानं एवढं नाही होत. बाईंनी दाखवलंय. मगभर पाणी तर उन्हातच उडून जातं."

आणि दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला.

संध्याकाळी बाबा दारात आले तेव्हा आजोबा नेहमीसारखे बूट घालायला वाकले होते. आई मध्येच उभी राहिली.

"अहो, चपला काढू नका. अण्णा, तुम्ही बूट घालू नका."

"मग काय अनवाणी पहारा करू?" आजोबा म्हणाले. "चोर हसतील की."

"मुंगीच्या झाडाला पाणी कोण घालतं?"

आजोबांना एकाएकी आपल्या विजेरीत काहीतरी बिघाड दिसला. बाबांनी छताकडे बघितलं.

"मुंगीच घालत असेल," बाबा म्हणाले.

"मी नाही घालत," मुंगी म्हणाली.

"मी घालते," आई म्हणाली. "दुपारी. आता तुम्ही बोला."

बाबांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. "बाटलीत उरलेलं असतं गं थोडं. दिवसभर गाडीत राहिलेलं पाणी फेकायचं कशाला? मुंगी झोपली की ओततो. पोर विसरते असं वाटलं मला. दिवसभरात मी तिला बघतो किती? शाळेच्या दारापर्यंत. तेवढंच आपलं एक."

"थोडं म्हणजे किती?"

"बाटली मोठी आहे," बाबांनी कबूल केलं.

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी विजेरी खिशात घातली. "मी पहाटे येतो तेव्हा पोर झोपलेली असते. तिच्याशी बोलता येत नाही, तर म्हटलं झाडाला तरी..." ते थांबले. "किटली. एक किटली."

"म्हणजे पहाटे तुम्ही, दुपारी ही आणि रात्री मी," बाबा म्हणाले. "तीन पाळ्यांत कारखाना चाललाय की! चोर चोर मावसभाऊ."

"मी सांगितलं होतं ना कोणी मध्ये यायचं नाही!" मुंगी ओरडली. आणि आता मात्र ती रडली, चांगली मोठ्यानं, गेल्या दोन आठवड्यांचं सगळं. बाबा मांडीवर घ्यायला वाकले, तर तिनं त्यांच्या गुडघ्यावर एक गुद्दा मारला आणि मगच मांडीवर बसली.

"पण तरी," आई म्हणाली, "कुंडीला खाली भोक आहे. जास्तीचं पाणी वाहून जायला हवं होतं."

आजोबा परत विजेरी शोधायला लागले.

"अण्णा?"

"खालच्या मजल्यावरची ती... तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडायचे. जिन्यात भेटली की बोलायची. मी म्हटलं, कशाला भांडण? बोळा कोंबला एक."

"कसला बोळा?"

"माझ्या जुन्या मोज्याचा."

कोणी हसावं असं वातावरण नव्हतं, पण बाबांच्या मांडीवरून एक हुंदका आला तो अर्धा हसण्यासारखा होता.

"अति तिथं माती म्हणतात," आजोबा पुटपुटले. "इथं तर मातीचीही माती झाली."

त्या संध्याकाळी चौघंही जागी होती, एका सज्जात, गुडघ्याला गुडघा लावून. पंधरा मिनिटांच्या उशिरानं शीतगृह काही गरम होणार नाही, असं आजोबांनी जाहीर केलं होतं. जुनं पोतं अंथरून बाबांनी कुंडी आडवी केली आणि झाड मातीसकट बाहेर ओढलं. बोळा निघाला तसं काळं पाणी वाहिलं. मुळं काळी, मऊ, चिमटीत धरली की साल सुटून यायची. मुंगीनं बोटांनी एकेक मूळ चाचपलं. बाईंनी शिकवलं होतं, पांढरं आणि ताठ ते जिवंत. काळं आणि लिबलिबीत ते मेलेलं.

"हे मेलं," ती म्हणायची, आणि आई कात्रीनं कापायची. "हेही मेलं. हे... थांब, हे नाही. हे जिवंत आहे. इकडे अजून एक आहे."

शेवटी मूठभर मुळं उरली. जेवढं खाली उरलं तेवढंच वर ठेवायचं, म्हणून फांद्याही कापाव्या लागल्या. झाड परत जवळजवळ काडीच झालं. कुंडीच्या तळाशी विटेचे तुकडे, वर वाळू मिसळलेली कोरडी माती. शेवटची माती मुंगीनं स्वतः दाबली.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता काही नाही," मुंगी म्हणाली. "काहीच करायचं नाही."

शनिवारी ती रिकाम्या हातानं शाळेत गेली. संध्याकाळी तिनं सांगितलं, की सगळ्यांची झाडं लावून झाली, काहींना तर फुलंही आहेत, गुलाबी आणि केशरी. तिच्या खड्ड्यात बाईंनी एक काठी रोवली आणि म्हणाल्या, खड्डा थांबेल. फाटकाशी पहिलाच खड्डा असल्यामुळं आत शिरणारा प्रत्येकजण विचारत होता, हा कुणाचा?

"मग तू काय म्हणालीस?" आईनं विचारलं.

"माझा म्हणाले."

काहीच न करणं हे काम त्या घरात कोणाला येत नव्हतं. बाबा बाटली मोरीत रिकामी करायचे आणि ओतताना सज्जाकडे बघायचे. आजोबा पहाटे किटलीशी जरा वेळ उभे राहायचे आणि मग स्वतःच ते पाणी पिऊन टाकायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईला त्यांनी सांगून टाकलं की आता थेंब पडणार नाहीत, आणि पडलेच तर समजा की बरं लक्षण आहे. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

सगळ्यात कठीण आईला गेलं. दुपारी घरी आल्यावर हात आपसूक मगाकडे जायचा. मग ती हात मागे घ्यायची आणि रिकामी उभी राहायची, आणि तेव्हा तिला कळायचं की आपण किती दमलो आहोत. ते मगभर पाणी झाडासाठी कमी आणि स्वतःसाठीच जास्त होतं. आता पडायला काहीच हरकत नव्हती, तरी झोप यायची नाही. मग ती दार उघडं ठेवून पडून राहायची, आणि मुंगी आली की तिला विचारायची, "शाळेत आज काय झालं?" मुंगी सांगायची. आई अर्ध्यावर झोपायची. मुंगी तरी सांगत राहायची, कारण आजोबा पलीकडच्या खोलीतून झोपेत "हं, मग?" म्हणायचे.

दिवस तसेच गेले. काडी तशीच. ना मेली, ना जगली.

एका दुपारी मुंगीनं आईला हलवून उठवलं. मुंगीचं बोट मातीनं भरलं होतं.

"आई, कोरडी लागते. दुसऱ्या पेरापर्यंत. पण मला खात्री नाही."

"बोट तुझं बरोबर आहे असं मी सांगितलंय ना?"

"तरी तू बघ."

आई उठली. उठताना कंबर धरली, भिंत धरली. दोघी कुंडीजवळ बसल्या. मुंगीनं खोलवरची चिमूटभर माती काढली, अर्धी आईच्या गालाला लावली आणि अर्धी स्वतःच्या. दोघी डोळे मिटून बसल्या. आईच्या गालावरून माती सुटी होऊन खाली घरंगळली, रुळांतून निघालेल्या चांगल्या चादरीसारखी, कोरडी आणि किंचित उबदार.

"कोरडी आहे," आई म्हणाली. डोळे उघडल्यावर तिला काडीच्या बगलेत काहीतरी तांबूस दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं. तिनं ते बोटानं चाचपलं नाही. बोटाला कळलं नसतं. "मुंगे, हे काय आहे ते तूच बघ."

मुंगी इतकी जवळ वाकली की तिचं नाक काडीला लागलं.  मग आत धावत गेली आणि दोन्ही हातांनी मग धरून आली, पाऊल पाऊल टाकत, एक थेंबही न सांडता. तिनं कुंडीच्या कडेकडेनं, गोल फिरवत पाणी घातलं. मातीनं ते पिऊन टाकलं. खालच्या भोकातून जरा वेळानं थेंब पडायला लागले.

"आजोबांना उठवू? बाबांना फोन करू?"

"संध्याकाळी सांग," आई म्हणाली. "दोघांनाही एकदमच. दारात."

तिनं भिंतीला पाठ टेकली. खालून कोणीतरी बाई ओरडत होती, कपड्यांवर पाणी पडतंय म्हणून. मुंगी कठड्यावरून वाकून तिला काहीतरी समजावून सांगत होती, बोट दाखवून, दुसऱ्या पेरापर्यंत. आईला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. गालावरची उरलीसुरली माती न पुसताच ती झोपली होती.